लढाऊ वैमानिकाला दोन नावं असतात: एक मिळतं, एक पडतं

२ जून १९९५ रोजी इटलीतल्या अव्हियानो तळावरून निघालेली दोन अमेरिकन एफ-१६ विमानं बोस्नियावर गस्त घालत होती. लीडर होते कॅप्टन बॉब राइट आणि त्यांचे विंगमन, म्हणजे लीडरच्या बाजूने उडून त्याची पाठ राखणारे जोडीदार, कॅप्टन स्कॉट ओग्रेडी. रेडिओवर राइट होते ‘बॅशर ५१’ आणि ओग्रेडी ‘बॅशर ५२’. तळावर परतल्यावर मात्र त्यांना या नावांनी कोणी हाक मारत नसे. तिथे राइट होते ‘विल्बर’. राइट आडनावाच्या वैमानिकाला विमान बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी एकाचं नाव चिकटणार नाही तर काय होणार! ओग्रेडी होते ‘झुलू’.

सिनेमे पाहून आपला असा समज झालेला असतो की पायलटचं झोकदार टोपणनाव म्हणजेच त्याचा कॉलसाइन. प्रत्यक्षात ही दोन वेगळी नावं आहेत आणि त्यांची कामंही वेगळी. ‘बॅशर ५२’ हा त्या दिवशीच्या त्या उड्डाणाचा पत्ता. उद्या तोच आकडा दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. ‘झुलू’ हे नाव माणसाचं, ते त्याच्याबरोबर बदलीच्या गावालाही जातं. पहिलं कागदावर ठरतं, दुसरं चारचौघांच्या टवाळीत. अमेरिकन लोक दोन्हींना कॉलसाइनच म्हणतात, म्हणून हा घोळ होतो. इथे पहिल्याला कॉलसाइन म्हणू आणि दुसऱ्याला टोपणनाव.

रेडिओवरचा पत्ता

लढाऊ विमानांच्या कॉलसाइनमध्ये सहसा एक शब्द आणि दोन आकडे असतात. शब्द सगळ्या फॉर्मेशनचा. पहिला आकडा त्या शब्दाची कितवी तुकडी ते सांगतो आणि दुसरा आकडा तुकडीतली जागा. चार विमानांच्या तुकडीत १ म्हणजे लीडर, २ त्याचा विंगमन, ३ दुसऱ्या जोडीचा प्रमुख आणि ४ त्याचा विंगमन. म्हणजे ‘५२’ ऐकल्याबरोबर नियंत्रकाला कळतं की हा पाचव्या तुकडीतला दोन नंबर आहे आणि याचा लीडर ५१ जवळपास असणार. आकडे सुटे बोलतात: ‘फाइव्ह टू’. ‘फिफ्टी टू’ म्हणत नाहीत, कारण खरखरीत ‘फिफ्टी’ आणि ‘फिफ्टीन’ सारखेच ऐकू येतात.

तुकडीच्या आत एवढंही बोलत नाहीत. इंजिनं सुरू झाली की लीडर म्हणतो, ‘बॅशर, चेक’. उत्तरं येतात: ‘टू’, ‘थ्री’, ‘फोर’. बस. क्रम ठरलेला असल्यामुळे ‘टू’ नंतर थेट ‘फोर’ आला, तर तीन नंबरचा रेडिओ बंद आहे हे कोणी न सांगता कळतं. इंधनाची चौकशीही अशीच होते. लीडर विचारतो आणि प्रत्येक जण आपला नंबर आणि आकडा सांगून गप्प बसतो.

एवढी काटकसर का, हे हिशोबाने कळेल. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर. दोन विमानं समोरासमोर येत असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला अर्ध्या किलोमीटरने घटतं. दोन सेकंदांचं एक वाक्य बोलून होईपर्यंत एक किलोमीटर संपलेला असतो. त्यात एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकालाच बोलता येतं. लष्करी विमानांचे नेहमीचे रेडिओ २२५ ते ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं की बाकीच्यांना फक्त एक कर्कश शिट्टी ऐकू येते. दोघांचंही बोलणं वाया जातं आणि बोलणाऱ्या दोघांना मात्र ते कळतच नाही.

म्हणून नियम असा की आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं, मग काम. ‘मॅजिक, बॅशर फाइव्ह वन’ म्हणजे बॅशर ५१ हा ‘मॅजिक’ला बोलावतोय. नाटोच्या अवॅक्स विमानांचा, म्हणजे पाठीवर रडारची मोठी तबकडी घेऊन फिरणाऱ्या टेहळणी विमानांचा, कॉलसाइन मॅजिक आहे. आणीबाणीच्या सूचनेतही नाव आधी येतं. ‘बॅशर फाइव्ह टू, ब्रेक राइट’ म्हणजे ५२ ने जीव खाऊन उजवीकडे वळायचं. इथे घाईत नाव गाळलं की काय होतं ते पाहा. नुसतं ‘ब्रेक राइट!’ चौघांच्याही कानात पडतं. चौघेही वळले तर हल्ला मोडतो आणि एकमेकांवर आदळण्याची भीती वेगळीच. चौघांनाही वाटलं की हे दुसऱ्या कोणाला सांगितलंय, तर ज्याच्या मागे क्षेपणास्त्र लागलंय तो सरळ उडत राहतो.

नवशिक्यांची दुसरी चूक आणखी बारीक आहे. थ्रॉटलवरचं, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरचं, बोलायचं बटण दाबताक्षणी बोलायला सुरुवात केली की पहिलं अक्षर कापलं जातं, कारण रेडिओला प्रक्षेपण सुरू करायला थोडा वेळ लागतो. आणि वाक्याच्या सुरुवातीला असतो कॉलसाइनच. दाबा, क्षणभर थांबा, मग बोला, हे प्रशिक्षक कान किटेपर्यंत सांगत असतात.

शब्द निवडतानाही याच गोष्टी पाहतात. ‘बॅ-शर’सारखा दोन झटक्यांत उच्चारता येणारा, ठसठशीत शब्द उत्तम. त्याच दिवशी, त्याच फ्रिक्वेन्सीवर त्याच्याशी यमक जुळणारा दुसरा शब्द नको. ‘व्हायपर’ आणि ‘स्नायपर’ एकत्र उडाले तर नियंत्रकाचा दिवस वाईट जाणार. शिवाय आकाशातल्या ठरलेल्या परवलीच्या शब्दांशी टक्कर टाळावी लागते. ‘बिंगो’ म्हणजे आता फक्त घरी जाण्यापुरतं इंधन उरलंय. ‘जोकर’ म्हणजे त्याच्या जरा आधीची पायरी, आवरतं घ्यायला सुरुवात करा. ‘विंचेस्टर’ म्हणजे दारूगोळा संपला. अशा वेळी एखाद्या तुकडीचं नावच ‘जोकर’ असेल, तर ‘जोकर टू’ ही हाक आहे की इंधनाची बातमी?

एक किरकोळ पण रोजची अडचण कागदावरची आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या फ्लाइट प्लॅनमध्ये विमानाच्या ओळखीसाठी जास्तीत जास्त सात जागा असतात. बॅशर हा शब्द रोमन लिपीत सहा अक्षरांचा, त्यात दोन आकडे मिळवले की आठ होतात. अशा वेळी शब्द आखडावा लागतो, एखादा स्वर गाळला जातो. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर लष्करी नावं चमत्कारिक का दिसतात, याचं हे एक कारण. ५ ऑगस्ट २०२४ रोजी बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना यांना घेऊन हिंडनला उतरलेल्या सी-१३० विमानामागे लाखो लोक पडद्यावर बोट ठेवून धावत होते. त्याचा ‘एजॅक्स’ने सुरू होणारा कॉलसाइन हा असाच त्या उड्डाणाचा पत्ता होता, कोणा वैमानिकाचं नाव नव्हतं.

हे शब्द वाटतं कोण?

मोठ्या मोहिमेत रोज एक जाडजूड हवाई आदेश निघतो. कोणतं विमान, कुठून, किती वाजता, कोणतं लक्ष्य, हवेत इंधन कुठल्या टँकरकडून आणि कॉलसाइन कोणता, हे सगळं त्यात असतं. त्यामुळे एकच वैमानिक आज एका नावाने आणि उद्या दुसऱ्या नावाने उडतो. हे बदलणं मुद्दाम असतं. रोज तेच नाव वापरलं, तर शत्रूच्या रेडिओ ऐकणाऱ्याला आठवडाभरात कळतं की हा शब्द आला की बॉम्बवाले येतात आणि तो दुसरा आला की लढाऊ.

अशा सवयीचा फायदा उलट्या बाजूनेही घेता येतो. व्हिएतनाममध्ये बॉम्बने लादलेली एफ-१०५ विमानं ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या उंचीवरून जात आणि उत्तर व्हिएतनामची मिग-२१ त्यांना नेमकी गाठत. २ जानेवारी १९६७ रोजी कर्नल रॉबिन ओल्ड्स यांनी एफ-४ फँटम या लढाऊ विमानांना एफ-१०५ चं सोंग दिलं. तीच वाट, तोच वेग, तीच उंची, त्यांचीच रडार चकवणारी यंत्रं आणि रेडिओवर त्यांचीच बोलायची ढब. तुकड्यांची नावं मोटारगाड्यांची होती: ओल्ड्स, फोर्ड, रॅम्बलर. मिग ढगांतून वर आली ती सोपी शिकार समजून. त्या दिवशी सात मिग-२१ पाडल्याची नोंद झाली आणि फँटम एकही गेलं नाही.

अमेरिकन नौदलाची पद्धत वेगळी. तिथे स्क्वाड्रनचा, म्हणजे विमानांच्या पथकाचा, एक कायमचा शब्द असतो आणि त्यापुढे विमानाच्या नाकावर रंगवलेला तीन आकडी क्रमांक. १० मे १९७२ रोजी एकाच उड्डाणात तीन मिग पाडणाऱ्या कनिंगहॅम आणि ड्रिस्कॉल यांचं फँटम ‘शोटाइम १००’ होतं. शोटाइम हा त्यांच्या व्हीएफ-९६ स्क्वाड्रनचा शब्द. पण विमानवाहू जहाजावर उतरताना शेवटच्या काही सेकंदांत शब्दही बाजूला पडतो. वैमानिकाला डेकवरचा मार्गदर्शक दिवा दिसला की तो चारच गोष्टी सांगतो: विमानाचा क्रमांक, विमानाचा प्रकार, ‘बॉल’ आणि इंधन हजार पौंडांत. उदाहरणार्थ, ‘२०४, हॉर्नेट, बॉल, ५.२’. प्रकार आणि इंधन यासाठी की विमान पकडणाऱ्या पोलादी तारेचा ताण वजनाप्रमाणे लावलेला असावा लागतो. हलक्या विमानाचा ताण जड विमानाला लावला तर ते वेळेत थांबणार नाही. इथे ‘मी झुलू बोलतोय’ याचा कोणाला काडीचा उपयोग नाही.

काही कॉलसाइन मात्र बदलायचे म्हणून ठरवूनही बदलले गेले नाहीत. १९६३ मध्ये व्हिएतनाममध्ये जखमींना उचलणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या ५७ व्या वैद्यकीय तुकडीने उपलब्ध शब्दांची यादी मागवली. त्यातले बरेच शब्द मारामारीला शोभणारे होते. त्यांनी निवडला ‘डस्ट ऑफ’, कारण कोरड्या शेतात उतरताना हेलिकॉप्टर धुळीचा लोट उठवतंच. सुरक्षेच्या नियमाने तो मधूनमधून बदलायला हवा होता. पण चिखलात पडलेल्या पायदळातल्या पोराला रेडिओवर कोणाला हाक मारायची हे पाठ असणं, शत्रूला ते न कळण्यापेक्षा महत्त्वाचं ठरलं. जखमी सैनिक नेणाऱ्या अमेरिकन लष्कराच्या हेलिकॉप्टरांना आजही डस्टऑफच म्हणतात. पडलेल्या वैमानिकाच्या सुटकेवर पहारा देणाऱ्या विमानांचं ‘सँडी’ हे नावही व्हिएतनामपासून असंच टिकून आहे.

सारख्या नावांचा सगळ्यात प्रसिद्ध घोटाळा राष्ट्राध्यक्षांच्या विमानाचा. आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत एकदा त्यांचं ‘एअर फोर्स ८६१०’ आणि ईस्टर्न एअरलाइन्सचं प्रवासी विमान ‘८६१०’ एकाच हवाई भागात आले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष ज्या हवाई दलाच्या विमानात बसतील त्याचा कॉलसाइन ‘एअर फोर्स वन’ ठरला. तो विमानाचा नाही, आतल्या पदाचा आहे. ९ ऑगस्ट १९७४ रोजी राजीनामा देऊन निघालेले निक्सन हवेत असतानाच वॉशिंग्टनमध्ये फोर्ड यांनी शपथ घेतली आणि त्याच विमानाचा कॉलसाइन वाटेतच बदलून ‘सॅम २७०००’ झाला.

नाव सांगितलं म्हणजे ओळख पटली असं नाही

पुन्हा बोस्निया. ओग्रेडींचं विमान क्षेपणास्त्राने दुभंगलं. ते पॅराशूटने उतरले आणि जवळजवळ सहा दिवस झुडपांत लपून राहिले. अखेर एका रात्री ‘बॅशर ११’ म्हणजे कॅप्टन हॅनफर्ड यांना क्षीण आवाजात उत्तर आलं की मी बॅशर ५२. पण हा शब्द त्या दिवशी फ्रिक्वेन्सी ऐकणाऱ्या कोणालाही माहीत असणार होता. बचावाचं हेलिकॉप्टर सापळ्यात ओढायला तेवढा पुरे. म्हणून हॅनफर्ड यांनी विचारलं, कोरियात तुझं स्क्वाड्रन कोणतं होतं? उत्तर आलं, ‘जुव्हॅट्स’. कुन्सान तळावरच्या ८० व्या स्क्वाड्रनचं हे नाव. तेव्हा कुठे चक्रं फिरली आणि मरीन सैनिकांच्या हेलिकॉप्टरांनी त्यांना उचललं.

यासाठीच मोहिमेवर जाण्याआधी अमेरिकन वैमानिक एक गोपनीय फॉर्म भरून ठेवतात. त्यात फक्त स्वतःलाच ठाऊक असतील अशी काही वाक्यं आणि एक चार आकडी संख्या असते. शोधणारा पूर्ण संख्या कधीच विचारत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याची बेरीज सांग, असं काहीतरी विचारतो, म्हणजे ऐकणाऱ्या शत्रूच्या हाती संख्या लागत नाही. उत्तरं लिहिताना होणारी चूक ठरलेली: सोपं म्हणून मुलाचं नाव, गावाचं नाव लिहायचं. हल्ली ते कोणीही इंटरनेटवरून दोन मिनिटांत काढेल.

आता पडलेली नावं

टोपणनावांची मूळ गरज साधीच होती. गावात तीन दत्तू असले की एक टेलर दत्तू होतो आणि एक लांब दत्तू. एडवर्ड्स तळावर चाचणी वैमानिकांत बरेच डॉन होते, म्हणून डोनाल्ड के. स्लेटन यांना डी. के. म्हणू लागले. डी. के.चं ‘डीक’ झालं आणि अंतराळवीर म्हणून ते जगभर डीक स्लेटनच राहिले.

ब्रिटनच्या हवाई दलात तर काही आडनावांना टोपणनाव जन्मतः जोडून यायचं. मिलर असेल तर तो ‘डस्टी’ म्हणजे पिठाने माखलेला, व्हाइट असेल तर ‘चॉकी’. दक्षिण आफ्रिकेहून आलेले मलान आधी व्यापारी जहाजांवर होते, म्हणून ते ‘सेलर’ मलान. डग्लस बेडर यांची तऱ्हा और. विंगच्या, म्हणजे अनेक स्क्वाड्रनच्या गटाच्या, प्रमुखाला विमानावर आपली आद्याक्षरं रंगवायची मुभा होती. त्यांची डी आणि बी. त्यावरून रेडिओवरचा कॉलसाइन झाला ‘डॉग्जबॉडी’, म्हणजे पडेल ते काम करणारा हरकाम्या. दोन्ही पाय गमावलेल्या आणि तरी कोणाचं न ऐकणाऱ्या या माणसाला ते बहुधा आवडलंही असेल.

आणखी एक जुनी खाण म्हणजे वय आणि नशीब. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन वैमानिक ग्रेग बॉइंग्टन हे १९४३ मध्ये तिशी ओलांडलेले, हाताखालची पोरं विशीतली, म्हणून ते ‘पॅपी’. पुढे अंतराळवीर झालेले जॉन ग्लेन कोरियन युद्धात जमिनीवरच्या तोफांना जणू खेचूनच घ्यायचे. एखाद्या फेरीतून विमान २५० हून जास्त भोकं घेऊन परतायचं. त्यावरून पडलेलं ‘मॅग्नेट’ने सुरू होणारं नाव अर्ध्यावरच थांबवतो, कारण पुढचा शब्द शरीराच्या ज्या भागावर माणूस बसतो त्याचा आहे.

बारशाची रीत

आजच्या अमेरिकन हवाई दलात हे बऱ्यापैकी विधिवत होतं. प्रशिक्षण संपवून पहिल्या लढाऊ स्क्वाड्रनमध्ये आलेल्याला सुरुवातीला नावच नसतं. ‘नवा’ या अर्थाचं काहीतरी हलकंसं संबोधन चालतं. नौदलात त्याला ‘नगेट’ म्हणतात. काही महिने स्क्वाड्रन त्याच्याकडे नुसती बघत असते. कोणत्या चुका झाल्या, रेडिओवर काय बरळला, विमान जमिनीवरून धावपट्टीकडे नेताना कुठे वळला, पार्टीत काय केलं, याच्या नोंदी काही स्क्वाड्रनमध्ये चक्क एका वहीत होतात.

बारशाच्या रात्री सगळे स्क्वाड्रनच्या बारमध्ये जमतात. सूत्रधार एक ठरलेला असतो, त्याला ‘मेयर’ म्हणायची पद्धत आहे आणि त्या खोलीत त्याचा शब्द चालतो. उमेदवाराला बाहेर काढतात किंवा गप्प बसवतात. मग एकेक जण उठून त्याच्याबद्दलचा एकेक किस्सा सांगतो आणि त्याला साजेसं नाव सुचवतो. किस्सा दहा टक्के खरा असला तरी पुरे, हा सर्वमान्य नियम. सुचलेली नावं फळ्यावर लिहिली जातात. मतदान आरडाओरड्याने होतं, ज्या नावाला जास्त गलका ते नाव पक्कं. उमेदवाराला आत बोलावून ते जाहीर करतात आणि काहीतरी प्यायला लावतात. पुढच्या आठवड्यात ते छातीवरच्या पट्टीवर आणि हेल्मेटवर येतं.

अलिखित नियम स्क्वाड्रनगणिक थोडे बदलतात, पण गाभा सारखाच. स्वतःसाठी नाव सुचवायचं नाही. जो ‘मला वुल्फ म्हणा’ म्हणत येतो त्याला वुल्फ सोडून प्राणिसंग्रहालयातलं काहीही मिळतं. नाव आवडलं नाही असं दाखवायचं नाही, कारण कुरकुर केली की ते घट्ट चिकटतं. फार आवडलंय असंही दाखवायचं नाही, काढून घेतील. एका स्क्वाड्रनमध्ये तेच नाव दोघांना नको. बदलीवर आलेल्याचं नाव आधीच कोणाकडे असलं, तर सहसा धाकट्याला दुसरं घ्यावं लागतं. त्या नावाने खऱ्या युद्धात उड्डाण केलं की पुष्कळ ठिकाणी ते कायमचं मानतात.

नावं बनवायचे कारखाने चारच. आडनावावरचा श्लेष, जसे विल्बर. रूप किंवा शरीरयष्टी. स्वभाव. आणि फजिती, जो सगळ्यात चालणारा कारखाना आहे. त्यात एक पोटप्रकार आहे तो आद्याक्षरांचा. पट्टीवर लिहिलेलं नाव अगदी सोज्वळ दिसतं. आजी-आजोबा स्नेहसंमेलनाला आले की वाचून खूश होतात. उलगडून सांगितलं तर ते त्या वैमानिकाच्या फजितीचं एक अख्खं वाक्य असतं आणि ते सहसा छापण्याजोगं नसतं. चांगल्या अर्थाचंही क्वचित निघतं. ७ एप्रिल २००३ रोजी बगदादवर हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झालेलं ए-१० विमान नुसत्या हाताच्या जोरावर तळावर आणणाऱ्या किम कॅम्पबेल यांच्या ‘केसी’ची फोड ‘किलर चिक’ अशी करतात.

या सगळ्या पोरकटपणाला एक कामाची बाजू आहे. उड्डाणानंतर चर्चेला बसतात तेव्हा तिथे हुद्दा आड येता कामा नये. काल रुजू झालेल्या लेफ्टनंटला कर्नलची चूक तोंडावर सांगता आली पाहिजे. ‘सर, आपण जरा उशिरा वळलात’ यापेक्षा ‘फिंगर्स, तू उशिरा वळलास’ हे लवकर होतं. ‘फिंगर्स’ हे नाव उगाच घेतलेलं नाही. ते होतं डेव्हिड गोल्डफिन यांचं. २ मे १९९९ रोजी सर्बियावर त्यांचं एफ-१६ पाडलं गेलं तेव्हा ते रेडिओवर ‘हॅमर ३४’ होते आणि पुढे २०१६ मध्ये ते अमेरिकन हवाई दलाचे प्रमुख झाले. प्रमुख झाल्यावरही अवतरणचिन्हांतलं फिंगर्स काही गळून पडलं नाही.

हीच रीत वाईट हातात गेली की तिची छळवणूक होते, आणि ‘गंमत आहे, सहन कर’ हा नियम छळणाऱ्याच्याच सोयीचा. जातीवंशावरून, बाईपणावरून नावं ठेवली गेली आहेत आणि ज्याला ठेवलं त्याने ब्र काढायचा नाही अशी अपेक्षा राहिली आहे. २०१९ मध्ये कृष्णवर्णीय वैमानिकांच्या तक्रारींवरून अमेरिकन नौदलात चौकशी झाली, दिलेली काही नावं अनुचित ठरली आणि त्यानंतर नौदलाच्या हवाई शाखेने टोपणनावं वरिष्ठांकडून मंजूर करून घेण्याची औपचारिक पद्धत आणली. गलक्याने निवडलेलं नाव आता कागदावरही टिकावं लागतं. हे फार आधी व्हायला हवं होतं.

आपल्याकडे

भारतीय हवाई दलात बारशाचा एवढा सोहळा नाही. बहुतेकांची नावं त्याआधीच, खडकवासल्याच्या एनडीएत किंवा दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत बरोबरीच्या कॅडेटांनी पाडलेली असतात आणि तीच पुढे स्क्वाड्रनमध्ये येतात. आडनाव आखडणं हा आपला लाडका मार्ग. जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलेले ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला सहकाऱ्यांत ‘शक्स’ आहेत. स्क्वाड्रनची नावं मात्र आपल्याकडेही रुबाबदार. पुण्याच्या लोहगावात सुखोई-३० उडवणारे ‘लाइटनिंग्ज’ आणि ‘ऱ्हायनोज’, गोव्यात आयएनएस हंसावर नौदलाचे ‘व्हाइट टायगर्स’ आणि ‘ब्लॅक पँथर्स’.

हवाई दलाचे एकमेव परमवीरचक्र विजेते फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांना १८ व्या स्क्वाड्रनमध्ये सगळे ‘ब्रदर’ म्हणत, कारण ते स्वतः भेटेल त्याला ब्रदर म्हणून हाक मारायचे. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना ते फ्लाइट लेफ्टनंट घुमन यांच्या मागोमाग नॅट हे छोटं लढाऊ विमान घेऊन उडाले. घुमन यांचं टोपणनाव ‘जी-मॅन’, आणि सेखोंची शेवटची रेडिओ हाक त्याच नावाने होती असं सांगतात. जिवावर बेतल्यावर तोंडातून रोजचंच नाव निघतं.

नाव झाकण्यासाठी नाव

अलीकडे टोपणनावाला आणखी एक काम लागलंय. वैमानिकाचं खरं नाव फुटलं की त्याचं घर, बायको, मुलं समाजमाध्यमांतून तासाभरात सापडतात. इस्रायली हवाई दलात सेवेतल्या वैमानिकांना जाहीरपणे हुद्दा आणि नावाच्या पहिल्या अक्षरानेच ओळखतात. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यावर मुलाखती देणारे वैमानिक चेहरा झाकून आणि फक्त टोपणनाव सांगून बोलू लागले. त्यांच्यातला ‘ज्यूस’ जगभरच्या वाहिन्यांवर दिसला. अमेरिकनांबरोबरच्या सरावात सगळे दारू पीत असताना हा ज्यूस मागायचा, म्हणून ते नाव. अँड्री पिल्शिकोव्ह हे त्याचं खरं नाव बहुतेकांना कळलं ते ऑगस्ट २०२३ मध्ये तो विमान अपघातात गेल्यावर.

आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये गाजलेलं ‘कीवचं भूत’? पहिल्याच दिवशी सहा रशियन विमानं पाडणारा एक अनाम वैमानिक म्हणून ते नाव घरोघरी पोहोचलं. ३० एप्रिलला युक्रेनच्या हवाई दलानेच सांगितलं की असा एक माणूस नाही, राजधानीवर उडणाऱ्या सगळ्या वैमानिकांचं मिळून उभं राहिलेलं ते चित्र आहे. ते नाव कुठल्या स्क्वाड्रनच्या बारमध्ये ठेवलेलं नव्हतं. ते ठेवलं होतं इंटरनेटने, आणि तिथे किस्सा दहा टक्केही खरा असावा लागत नाही.